'इव्हान इलिचचा मृत्यू'चं अभिवाचन: यात खोटं नेमकं कोण बोलतं?

बोरीकाठ

टॉल्स्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या कादंबरिकेचं (एका न्यायाधीशाच्या दुखण्याची आणि मरणाची गोष्ट) अभिवाचन अमळनेरला बसवतोय. एप्रिलचा शेवटचा आठवडा, संध्याकाळी सात, वाचनालयाचा हॉल, शंभर-सव्वाशे खुर्च्या. वेळ ७५ मिनिटं, मध्यंतर नाही. वाचणारे पाच: तीन पुरुष, दोन बायका. संहिता इंग्रजीवरून आम्हीच करतोय.

विषय खोटेपणाचा आहे यावर वाद नाही. पण तीन तालमी झाल्या आणि तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांचा निकाल एकच: बायको मतलबी, डॉक्टर लबाड, नवरा बिचारा. एवढंच हाती लागणार असेल तर त्यासाठी रशियाला जायची गरज नव्हती, रात्री आठची कुठलीही मालिका पुरली असती. टॉल्स्टॉयचा रोख तिथे नाही असं वाटतं, पण तो वाचनात कसा आणायचा ते सापडत नाही.

शिवाय तीन फुटकळ शंका. पहिल्या प्रकरणात माणूस आधीच मेलेला असतो. ते गाळून दुसऱ्यापासून सुरू केलं तर चालेल का? गेरासिम हा नोकर अहिराणीत बोलला तर? आणि पत्त्यांच्या त्या 'विन्ट'ऐवजी सरळ रमी घेतली तर?

गिरणाथडी

पहिलं प्रकरण गाळलं तर बायको खलनायिका होणारच. तुमच्या तालमीत नेमकं काय बिघडतंय ते यातच आहे.

त्या प्रकरणात खोटं कोणकोण बोलतं ते मोजा. कोर्टाच्या मधल्या सुटीत पेपरातली बातमी वाचली जाते: ४ फेब्रुवारी १८८२, इव्हान इलिच गोलोविन वारले. वय ४५. त्याच्याच कोर्टातल्या फ्योदोर वासिल्येविचच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या होणाऱ्या खुर्चीचा: आपल्याला वर्षाला ८०० रुबल वाढ, वर कचेरी खर्च वेगळा. दुसरा सहकारी प्योत्र इव्हानोविच, त्याला आठवतो मेव्हणा; त्याची कालुगाहून बदली करून घेता येईल, बायको खूश होईल. तोंडाने सगळे 'अरेरे'. यांतला एकही माणूस दुष्ट नाही. कोणत्याही तहसील कचेरीत, कोणत्याही झेडपीच्या शाळेत अशी बातमी आली की 'फार वाईट झालं'च्या पाठोपाठ 'मग आता त्या जागेवर कोण?' हे येतंच. श्रोत्यांनी इथे आधी स्वतःला ओळखायला हवं. तसं झालं की पुढे विधवेवर बोट उगारताना हात जरा जड होतो.

मग भेटीचा प्रसंग. प्योत्र इव्हानोविच ज्या गुबगुबीत बैठकीवर बसतो तिच्या स्प्रिंगा मोडलेल्या आहेत. विधवेच्या काळ्या ओढणीची लेस टेबलाच्या नक्षीत अडकते. तो सोडवायला उठतो तर बैठक खालून उसळी मारते. ती स्वतःच सोडवू लागते म्हणून तो परत बसतो, तर पुन्हा अडकते. हे सगळं शोकाच्या मधोमध. ही दहा ओळींची गंमत कापू नका. दोघंही रीत पाळतायत आणि फर्निचर रीत पाळत नाहीये. मग ती मुद्द्यावर येते: नवरा वारल्यावर सरकारातून किती पैसे काढता येतील? तिला आकडा पै-पैसकट ठाऊक आहे, आणखी काही निघतं का एवढंच बघायचंय. आपल्याकडचा श्रोता हे लगेच पकडतो. दहाव्याला आलेल्या हेडक्लार्कला बाजूला घेऊन फॅमिली पेन्शनचं विचारलं जातं, त्यात नवल काय? वाचताना आवाजात लोभ आणला की संपलं. नवरा नोकरीत असताना गेलाय, मुलीचं लग्न नुकतंच ठरलेलं, मुलगा शाळेत. प्रश्न व्यवहाराचा आहे, तसाच वाचायला सांगा.

वेळेचा हिशेब. इंग्रजी भाषांतर वीस हजार शब्दांच्या आसपास भरतं. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटत असल्याने आकडा खाली येतो, तरी सगळं वाचायला अडीच तास लागतील. विरामांसकट मिनिटाला १०५ शब्द धरा, म्हणजे ७५ मिनिटांना पावणेआठ हजारांहून थोडे जास्त. वाटणी अशी करा: पहिलं प्रकरण १४ मिनिटं, दुसरं ६, तिसरं ८, चौथं ११, पाच-सहा मिळून ९, सातवं ९, आठवं ८, नऊ ते अकरा मिळून ५, बारावं ५. शेवटी हात आखडता घेतलाय तो मुद्दाम. टॉल्स्टॉयची प्रकरणंच पुढे पुढे आखूड होत जातात. आधी वर्षं, मग महिने, मग आठवडे, शेवटी तीन दिवस. तुम्ही शेवट लांबवलात तर मेलोड्रामा होईल.

आता मूळ प्रश्न, खोटं कोण बोलतं. पहिला खोटारडा इव्हान इलिच स्वतः आहे, आणि तो बरा असताना. दुसऱ्या प्रकरणात तो तपासणी दंडाधिकारी होतो. अलेक्झांडर दुसरा याच्या १८६४ च्या न्यायसुधारणांनंतरची नवी पद्धत अमलात आणणाऱ्या पहिल्या फळीतला माणूस. तो लाच खात नाही, कुणावर ओरडत नाही. फक्त समोरच्या माणसाचं सगळं माणूसपण बाजूला काढून प्रकरण कागदावर कसं बसेल तेवढं बघतो. आपण याला धरून आत टाकू शकतो हे त्याला माहीत असतं, आणि ही ताकद मऊपणे वापरण्यात त्याला मजा वाटते. मग चौथ्या प्रकरणात तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर अगदी तोच चेहरा लावून बसलेला. इव्हान विचारतो, दुखणं जिवावरचं आहे का? डॉक्टरला हा प्रश्नच गैरलागू. त्याच्या दृष्टीने वाद एवढाच: सरकलेलं मूत्रपिंड की आंधळ्या आतड्याचं दुखणं. चष्म्यावरून एका डोळ्याने तो असा बघतो की जणू म्हणतोय, आरोपी, विचारलेल्या प्रश्नापुरतं बोला, नाहीतर बाहेर काढावं लागेल.

इथे हमखास एक चूक होते. हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी संवाद म्हणून देतात आणि हॉल हसतो. डॉक्टर ते बोलत नाही, त्याची नजर बोलते. ते निवेदकाचं आहे, सपाट वाचायचं. त्याआधी दुसऱ्या प्रकरणातला कोर्टाचा परिच्छेद ज्या सुरात वाचला तोच सूर इथे परत यायला हवा. तालमीत पहिला भाग मोबाइलवर रेकॉर्ड करा, चौथ्या प्रकरणाआधी निवेदकाला ऐकवा. सूर जुळला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. इव्हानने जे दुसऱ्यांना दिलं तेच त्याला परत मिळतंय.

नाडीपरीक्षा

वरच्याला दुजोरा, पण डॉक्टरांपुरती एक दुरुस्ती. त्यांना सरसकट लबाड ठरवू नका. गोष्ट १८८२ ची, छापली गेली १८८६ ला. क्ष-किरण सापडले १८९५ ला. पोटातलं काय ते हाताने चाचपून आणि अंदाजाने. सरकलेलं मूत्रपिंड हे त्या काळचं आवडतं निदान. म्हणजे डॉक्टर रोग्यापासून निदान लपवत नाहीयेत, त्यांना निदान माहीतच नाही. ते लपवतायत ते स्वतःचं अज्ञान. आवाजात फरक पडतो: लपवणारा माणूस हळू बोलतो, न कळलेला माणूस ठासून बोलतो. ठासूनच वाचा.

आठव्या प्रकरणातला नेहमीचा डॉक्टर वेगळा. तो बाहेरच्या थंडीतून हात चोळत, हसतमुख येतो. हा चेहरा इथे शोभत नाही हे त्यालाही कळतं, पण सकाळी भेटींसाठी कोट चढवून निघालेला माणूस तो मध्येच उतरवू शकत नाही, तसं त्याचं झालंय. या उपमेला पूर्ण थांबा द्या.

कार्यक्रमानंतर चर्चा ठेवणार असाल तर पहिला प्रश्न ठरलेला आहे: मग पेशंटला सांगायचं की नाही? आपल्याकडे रिपोर्ट आधी मुलाच्या हातात जातो आणि म्हाताऱ्याला 'गाठ आहे, बरी होईल' एवढंच कळतं, तिकिटं मात्र मुंबईची काढलेली असतात. याला कायद्याची एक गंमतशीर बाजू आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रोगाच्या गांभीर्याबद्दल कलम आहे, २.३. गांभीर्य वाढवूनही सांगू नये, कमी करूनही सांगू नये, इथवर ठीक. पुढे म्हटलंय की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल इतकी माहिती आहे याची डॉक्टरने खात्री करावी. सगळी मेख त्या 'किंवा'त आहे. नातेवाइकांना सांगितलं, कलम पाळलं.

गंभीर बातमी सांगायची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली गेली. तिच्यात बातमी सांगणं चौथ्या पायरीवर येतं. आधी बसायची नीट जागा, मग रोग्याला काय माहीत आहे ते विचारणं, मग त्याला किती जाणून घ्यायचंय ते विचारणं. इव्हान इलिचला हा तिसऱ्या पायरीचा प्रश्न कुणीच विचारत नाही. चर्चेला हा धागा पुरे. स्टेजवरून 'सांगावंच' किंवा 'सांगूच नये' असा निकाल देऊ नका. हॉलमध्ये घरी पेशंट असलेलं कुणीतरी बसलेलं असतंच.

पांझरा

गेरासिमबद्दल. अहिराणी घ्या, पण धोका ओळखून घ्या. आपल्या भागात स्टेजवरून अहिराणीचं पहिलं वाक्य आलं की लोक आधी हसतात, अर्थ नंतर लावतात. यूट्यूबवरच्या विनोदी व्हिडिओंनी कानाला ती सवयच लावली आहे. सातव्या प्रकरणात, मालकाचे पाय खांद्यावर घेऊन बसलेला गेरासिम बोलला आणि हॉल हसला, तर ७५ मिनिटं पाण्यात.

उपाय पहिल्या प्रकरणातच आहे. पाहुणा निघतो तेव्हा गेरासिम त्याचा कोट शोधून देतो. पाहुणा उगाच बोलायचं म्हणून म्हणतो, वाईट झालं ना? तो म्हणतो, देवाची मर्जी, सगळ्यांनाच जायचंय. आणि मजबूत पांढरे दात दाखवतो. अहिराणी इथे पहिल्यांदा येऊ दे. हसायचं ते इथे हसून घेतील. सातव्यापर्यंत कान रुळलेला असतो. पहिलं प्रकरण ठेवण्याचं हे दुसरं कारण समजा.

सातव्यातलं वाक्य असं बसेल: 'आपले सगळास्लेच मरनं शे. मंग थोडा तरास घिदा ते काय व्हस?' एवढंच. त्याला म्हणी, ओव्या, हेल काही देऊ नका. मूळातही तो फार कमी बोलतो. त्याचं वर्णन मात्र पुरतं वाचा: जाड बूट, डांबराचा आणि हिवाळी हवेचा वास, स्वच्छ एप्रन, बाह्या वर सारलेल्या. तो शौचाचं भांडं उचलून नेतो, आणि तोंडावरचा निरोगीपणाचा आनंद दाबतो, आजाऱ्याला लागू नये म्हणून. त्या घरातला तो एकच चेहरा दुसऱ्यासाठी आवरलेला आहे. बाकीच्यांनी चेहरे आवरलेत ते स्वतःसाठी.

एक सूचना. यावल-रावेरकडून कुणी येणार असेल तर त्यांची लेवा बोली वेगळी आहे, अहिराणीला 'खानदेशी' म्हणून जाहिरातीत छापू नका. वाद कार्यक्रमाआधीच सुरू होईल.

शब्दखोर

अहिराणीला माझा विरोध आहे, कारण वेगळं आहे. पाचांपैकी फक्त नोकर बोलीत बोलला की अर्थ असा होतो: शिकलेले खोटे, गावाकडचे साधेभोळे आणि खरे. हेही एक खोटंच आहे आणि मराठी रंगभूमीने ते पुष्कळ वर्षं चालवलंय. गेरासिम भोळा नाही. तो खोटं बोलत नाही कारण त्याला खोट्याची गरज नाही. त्याला बढती नको, ८०० रुबल नकोत, मेव्हण्याची बदली नको. शिवाय टॉल्स्टॉयने त्याचा हिशेबही लिहून ठेवलाय: मरणाऱ्यासाठी करतोय म्हणून त्याला कष्टाचं ओझं वाटत नाही, आपली वेळ आली की आपल्यासाठीही कुणी करेल अशी त्याची आशा आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, तसं. त्याला संत करू नका.

बोली घ्यायचीच असेल तर इव्हान इलिचलाही एक जागा द्या. सहाव्या प्रकरणात त्याला लहानपणीचं तर्कशास्त्राचं पुस्तक आठवतं: कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसचं ठीक आहे, पण मी? मी वान्या, आईचा, पट्ट्यापट्ट्यांच्या चामडी चेंडूच्या वासाचा. कायसचं वाक्य कडक प्रमाण मराठीत आणि वान्याच्या दोन ओळी घरच्या बोलीत, असं केलं तर बोली नोकराची न राहता लहानपणाची होते.

आता बायको. तुमचा खरा प्रश्न आठव्या प्रकरणात सुटतो. नामांकित तज्ज्ञ डॉक्टरला बोलावलेलं असतं. इव्हान कुरकुरतो. ती म्हणते, हे मी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी करतेय. ती हे अशा सुरात म्हणते की ऐकणाऱ्याने उलटं समजावं: बघा, किती करते नवऱ्यासाठी, आणि वर श्रेयही घेत नाही. पण ती खरोखरच स्वतःसाठी करत असते. शब्द शंभर टक्के खरे, आणि तरी फसवणूक. सबंध कादंबरिकेत खोटेपणाची याहून बारीक कलाकुसर नाही. तुमच्या नटीने हे लाडात म्हटलं तर मतलबी वाटेल, रडवेलं म्हटलं तर बिचारी. थोडं थकून, थोडं चिडून, सवयीने. जे घरात रोजचं आजारपण काढणारं कुणीही म्हणतं तसं.

तिला माहीत असतं का? पाचवं प्रकरण बघा. तिचा भाऊ बाहेरगावाहून येतो, इव्हानला पाहून त्याचं तोंड उघडतं आणि तो 'अरे!' गिळतो. नंतर दाराआडून ऐकू येतं: तुला दिसत नाही? मेलेला माणूस आहे तो, डोळ्यांत बघ, उजेड नाही. ती म्हणते, तू वाढवून सांगतोस. म्हणजे रोज जवळ असलेलीला दिसत नाही, महिन्यांनी आलेल्याला दारातच दिसतं. हे कापलंत तर ती सगळं समजून नाटक करतेय असं होतं, आणि मग तुम्ही म्हणता ती मालिका.

ती नवऱ्याला 'ज्याँ' म्हणते, फ्रेंचमध्ये. 'अहो' करू नका. तसं केलं की प्रतिष्ठेचा तो मुलामा निघून जातो. निवेदकाने एकदा सांगावं, या घरात नवऱ्याला फ्रेंच नावाने हाक मारतात.

गिरणाथडी

विन्टचं राहिलं. रमी नको. विन्टमध्ये जोडीदार असतो, रमीत प्रत्येक जण आपापला. चौथ्या प्रकरणात इव्हानला ग्रँड स्लॅमचे, म्हणजे सगळे हात जिंकायचे पत्ते आलेले असतात, पोटात मुरडा येतो, आणि मोठा डाव तीन हातांनी हुकतो. जोडीदार मिखाइल मिखाइलोविच मनातून हळहळतो, पण चेहरा सभ्य ठेवतो, वर पत्ते इव्हानकडे सरकवून देतो, म्हणजे त्याला हात लांब करावा लागू नये. इव्हानला ते दिसतं, आणि भयंकर हे की डाव गेल्याचं त्याला काहीच वाटत नाही. दया, सभ्यता आणि फसवणूक एकाच हालचालीत आहेत. रमीत हे घडूच शकत नाही. 'ब्रिजसारखा जोडीचा खेळ' एवढं एकदा सांगा. पहिल्या प्रकरणात श्वार्त्झ हा सहकारी जिन्यावरून डोळा मारतो तोही याच खेळासाठी, आणि प्योत्र इव्हानोविच मयताच्या घरून निघून पहिला डाव संपतासंपता पोहोचतोच.

पगाराचे आकडे रुपयांत बदलू नका. गावाकडचे साडेतीन हजार रुबल पुरत नाहीत, १८८० ला त्याला डावलतात, मग पीटर्सबर्गला पाच हजारांची जागा मिळते आणि बिऱ्हाड हलवायला वर साडेतीन हजार. एवढं ऐकून तिसरं प्रकरण कळतं. नवं घर तो स्वतः सजवतो आणि ते नेमकं तसंच होतं जसं श्रीमंत दिसू पाहणाऱ्या प्रत्येक मध्यम घराचं होतं: रेशमी कापड, काळं लाकूड, कुंड्या, गालिचे, ब्राँझ. पडदा कसा लावायचा ते दाखवायला शिडीवर चढतो, घसरतो, कूस खिडकीच्या मुठीवर आपटते. दुखणं तिथून. निवेदकाने या वाक्यावर जोर दिला की प्रतीक होतं आणि मरतं. पडद्याच्या मापाबद्दल बोलावं तसं वाचा.

बोरीकाठ

पहिलं प्रकरण पूर्ण परत घेतलं. बैठकीची स्प्रिंग आणि लेस आधी कापली होती, काल जोडून वाचली, फरक लगेच कळला. विन्ट राहिला. अहिराणीवर पांझरा आणि शब्दखोर दोघांचंही घेतोय: गेरासिम पहिल्यापासून अहिराणीत, आणि वान्याच्या दोन ओळीही.

आता शेवट. बाराव्या प्रकरणात तो बायकोला 'क्षमा कर' म्हणू पाहतो आणि तोंडून भलताच शब्द जातो. इंग्रजीत ते नीट बसलेलं नाही, मराठीत काय करावं? आणि तीन दिवसांचं ओरडणं? हॉलला दोन मोठे कूलर आहेत, एप्रिलमध्ये ते बंद करता येणार नाहीत.

शब्दखोर

रशियनमध्ये 'प्रोस्ती' म्हणजे क्षमा कर, आणि तोंडून जातं 'प्रोपुस्ती', म्हणजे जाऊ दे, वाट दे. मराठीत 'माफ करा' म्हणायला जावं आणि 'मोकळं करा' निघावं. सुरुवातीचा 'म' तोच, शेवटचा 'करा' तोच, आणि अर्थ जवळजवळ मूळचाच. तो चूक सुधारत नाही, कळायचं त्याला कळेल म्हणून सोडून देतो. तुम्हीही समजावू नका.

ओरडण्याचं नशीब तुमच्या बाजूने आहे. मूळात तो 'नाही, नको' या अर्थाचे शब्द ओरडू लागतो आणि शेवटच्या स्वरावरच ओरडत राहतो, 'ऊ'वर. इंग्रजी भाषांतरात 'ओ' आहे. मराठी 'नको' आपसूक 'ओ'वरच संपतो. नटाने एकदाच 'नको' म्हणावं, 'ओ' चार सेकंद धरावा, चढवू नये. बाकीचे तीन दिवस निवेदकाने एका वाक्यात सांगावेत. खरं किंचाळलं की पुढच्या रांगेतलं पोर रडतं आणि वास्याचा, त्याच्या मुलाचा, प्रसंग जातो. तो प्रसंग खूप नाजूक आहे: मुलगा हात पकडून ओठांना लावतो, रडतो, आणि इव्हानला दुसऱ्यांची कीव येते, मुलाची आणि बायकोचीही. तिला खलनायिका केलीत तर ही कीव कुणाला पटणार नाही.

पांझरा

कूलर मागच्या दोन खिडक्यांत हलवा आणि पंखा मंदवर, पाणी चालू ठेवा. आवाज मोटरपेक्षा पंख्याचा जास्त असतो. सात वाजता हॉल तापलेलाच असतो, म्हणून साडेपाचपासून फुल चालवून ठेवा. माइक प्रत्येकाला वेगळा, तोंडापासून वीतभर. सातव्या आणि बाराव्या प्रकरणात तीन सेकंदांहून लांब विराम घेऊ नका, कूलरच्या आवाजात तो विराम वाटत नाही, वाचणारा ओळ चुकला असं वाटतं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर माइक आणि एक दिवा राहील एवढं आधीच तपासा. कूलर बंद पडले तर उलट बरंच, तेव्हा जे वाचत असाल ते थोडं हळू वाचा.